करड्या रंगाची 'अॅडम्स' : एका ड्राय फ्लायची रीत, साहित्य आणि मर्यादा

ट्राऊट मासा पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हजारो कृत्रिम माश्यांपैकी एकच बरोबर नेण्याची मुभा असेल, तर अनेक जाणकार 'अॅडम्स' हे नाव घेतात. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९२२ मध्ये तयार झालेली ही करडी फ्लाय आज जगभरातील थंड पाण्याच्या नद्यांवर वापरली जाते. ती कोणत्याही एका कीटकाची हुबेहूब नक्कल नाही; तरीही, किंवा त्यामुळेच, ती अनेक कीटकांच्या जागी चालते. मात्र तिचे यश केवळ तिच्या घडणीत नसून ती पाण्यावर कशी वाहते यात आहे. तिचे साहित्य, फेकण्याची पद्धत आणि ती वापरताना पाळावयाची पथ्ये यांचा हा परिचय.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय?

आपल्याकडे गळाने मासे गरवणारा माणूस गळाला गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावतो आणि शिशाच्या वजनाने दोरी पाण्यात भिरकावतो. फ्लाय फिशिंगमध्ये यातील बहुतेक गोष्टी नसतात. गळावर पिसे, लोकर व दोरा गुंडाळून कीटकाचा आभास निर्माण केला जातो. या आमिषाला जवळजवळ वजनच नसल्याने ते फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. मासेमार दोरी फेकतो आणि तिच्या टोकाला असलेली फ्लाय तिच्यामागून जाते.

पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या फ्लायला 'ड्राय फ्लाय' म्हणतात. पाण्याखाली बुडून चालणाऱ्या प्रकारांपेक्षा या पद्धतीचे आकर्षण अधिक, कारण मासा वर येऊन फ्लाय घेतो ते डोळ्यांना दिसते.

बोर्डमन नदीकाठचा जन्म

मिशिगनमधील ट्रॅव्हर्स सिटी या शहराच्या दक्षिणेस मेफिल्ड नावाचे छोटे गाव आहे. तेथे राहणारे लेनर्ड हॅलडे हे फ्लाय बांधण्यात निष्णात होते. १९२२ मध्ये त्यांनी एक नवी करडी फ्लाय बांधून ओहायो राज्यातील आपले वकील मित्र चार्ल्स अॅडम्स यांना दिली. अॅडम्स यांनी ती जवळच्या बोर्डमन नदीवर वापरली आणि तिची भरभरून प्रशंसा केली. फ्लायचे नाव काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा तिच्यावर पहिली चांगली शिकार करणाऱ्याचेच नाव तिला देण्याचे हॅलडे यांनी ठरवले, अशी तिच्या नामकरणाची हकिकत सांगितली जाते.

या नदीला त्या काळी आणखी एक इतिहास होता. तिच्यात पूर्वी मुबलक असलेला ग्रेलिंग हा मूळचा मासा तोवर नाहीसा झाला होता आणि त्याची जागा ट्राऊटने घेतली होती. त्याचा उल्लेख पुढे येईल.

फ्लायची घडण

मूळ अॅडम्समधील सामग्री साधी होती. धडासाठी आज सहसा मस्करॅट या पाण्यात राहणाऱ्या, उंदराच्या वर्गातील प्राण्याची करडी मऊ लव वापरली जाते. ही लव सहजी भिजत नाही. शेपटीसाठी गोल्डन फेझंट या पक्ष्याच्या मानेवरील पिसांचे तंतू असत. आज बहुतेक जण त्याऐवजी कोंबड्याच्या पिसांचे तंतू लावतात. पंखांसाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्याच्या पिसांची टोके असत. मूळ नमुन्यात हे पंख उभे नसून बाजूंना बरेच कललेले होते.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे गळाच्या पुढच्या भागाभोवती गुंडाळलेले मानेचे पीस, म्हणजे 'हॅकल'. अॅडम्समध्ये दोन पिसे एकत्र गुंडाळतात : एक तपकिरी आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. गुंडाळल्यावर त्यांचे तंतू चक्राच्या आऱ्यांसारखे चहूबाजूंना उभे राहतात. या ताठ तंतूंवर फ्लाय पाण्याच्या पृष्ठताणाच्या आधाराने तरंगते. दोन रंग मिसळल्याने तंतू एकसारखे न दिसता ठिपक्याठिपक्यांचे दिसतात. जिवंत कीटकाचे थरथरणारे पाय आणि पंख यांचा भास त्यातून होतो.

मासा काय पाहतो?

अॅडम्स का चालते, हे समजण्यासाठी पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाची दृष्टी लक्षात घ्यावी लागते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोन पट असतो. म्हणजे ३० सेंटिमीटर खोल असलेल्या माशाची खिडकी जेमतेम ६८ सेंटिमीटर रुंद असते. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आतून आरशासारखा असतो आणि त्यात नदीचा तळ परावर्तित झालेला दिसतो.

वाहत येणारा कीटक प्रथम या आरशाच्या भागात येतो. तेथे माशाला त्याचे धड दिसत नाही. पाय जेथे पृष्ठभागाला टेकतात तेथे उमटलेले प्रकाशाचे ठिपके तेवढे दिसतात. अॅडम्सचे हॅकल नेमके असेच ठिपके उमटवते. खिडकीत शिरल्यावर फ्लाय आकाशाच्या उजेडासमोर येते आणि तिची गडद आकृती दिसते. अशा वेळी अचूक रंगापेक्षा आकार व आकारमान महत्त्वाचे ठरते.

करडा रंगही येथे उपयोगी पडतो. ट्राऊटच्या आहारात मेफ्लाय या कीटकाला मोठे स्थान आहे. त्याचे आयुष्य बहुतांशी पाण्याखाली निम्फ अवस्थेत जाते. नंतर तो पृष्ठभागावर येऊन कात टाकतो आणि पंख फुटलेल्या अवस्थेत बाहेर पडतो. या अवस्थेत अनेक जातींचे पंख धूसर करडे असतात. पंख फुटल्यानंतरही पुन्हा एकदा कात टाकणारा मेफ्लाय हा एकमेव कीटक आहे. त्यानंतर तो प्रजनन करतो, अंडी घालतो आणि पंख पसरून पाण्यावर मरून पडतो. कॅडिस नावाचा दुसरा कीटक आणि पाण्यावर घोंगावणारी चिलटे यांच्यातही करड्या-तपकिरी छटा असतात. अॅडम्स या सर्वांच्या जवळपास जाते आणि कोणाशीच पूर्णपणे जुळत नाही.

आवश्यक साहित्य

सुरुवातीसाठी ९ फूट लांबीचा ५ क्रमांकाचा रॉड सर्वसाधारणपणे सुचवला जातो. हा क्रमांक रॉडच्या नव्हे, तर तिच्याशी जुळणाऱ्या दोरीच्या वजनाचा असतो. ५ क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाण वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. रॉड आणि दोरी यांचे क्रमांक जुळले नाहीत तर रॉड पुरेसा वाकत नाही किंवा गरजेपेक्षा जास्त वाकतो, आणि फेक बिघडते.

दोरी तरंगणारी आणि पुढच्या भागात जड असलेली घ्यावी. रीळ साधे असले तरी चालते. लहान ओढ्यातील मासे हाताने दोरी ओढूनच आणले जातात.

दोरीच्या टोकाला सुमारे ९ फुटांचा निमुळता लीडर जोडतात. तो पारदर्शक तंगुसाचा असतो. जाड दोरीतील जोर हळूहळू कमी करत फ्लायपर्यंत नेणे आणि दोरी माशापासून दूर ठेवणे, ही त्याची दोन कामे. लीडरच्या शेवटच्या बारीक भागाला टिपेट म्हणतात. टिपेटची जाडी 'एक्स' या मापात सांगतात. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. त्यानुसार ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच किंवा सुमारे ०.१५ मिलिमीटर.

फ्लायचा आकार आणि टिपेट यांचा मेळ घालण्याचा एक सोपा हिशेब आहे. गळाच्या क्रमांकाला तीनने भागल्यास योग्य एक्स मिळतो. १४ क्रमांकाच्या अॅडम्ससाठी ५ एक्स आणि १८ क्रमांकासाठी ६ एक्स योग्य ठरतो. गळाचा क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे येथे ध्यानात ठेवावे. टिपेट जास्त जाड असेल तर फ्लाय पाण्यावर मोकळी वाहत नाही. फार बारीक असेल तर फेकताना पीळ पडतो.

याशिवाय फ्लाय कोरडी ठेवणारे जेल, ओल शोषणारी पूड, तंगूस कापण्याचे कटर, गळ काढण्यासाठी चिमटा, पाण्यावरील चकाकी कमी करणारा पोलराइज्ड चष्मा आणि रबरी जाळीचे हातजाळे एवढे साहित्य पुरते. चष्मा केवळ मासा पाहण्यासाठी नसतो. हवेत वेगाने फिरणाऱ्या गळापासून डोळ्यांचे रक्षणही तोच करतो.

फेकण्याची रीत

फेकीचे दोन भाग असतात : मागची फेक आणि पुढची फेक. घड्याळाच्या तबकडीची कल्पना केल्यास रॉड साधारण दहा आणि एक या आकड्यांच्या दरम्यान फिरतो. दोरी पाण्यावरून सावकाश उचलावी, वेग वाढवत रॉड मागे न्यावा आणि झटक्यात थांबवावा. त्यानंतर दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबणे अत्यावश्यक असते. नवशिक्यांची बहुतेक फसगत येथेच होते. मागची दोरी उलगडण्यापूर्वीच रॉड पुढे आणला की चाबकासारखा आवाज येतो आणि फ्लाय तुटून जाण्याचीही शक्यता असते.

पुढच्या फेकीतही रॉड वेग घेऊन एकदम थांबतो. दोरी पाण्याच्या वर साधारण छातीच्या उंचीवर उलगडावी, म्हणजे फ्लाय आपल्या आप हलकेच खाली उतरते. ताकद लावल्याने अंतर वाढत नाही. लहान नदीत ८ ते १२ मीटरची अचूक फेक पुरेशी असते. पाण्याला स्पर्श न करता एक-दोन वेळा हवेतच दोरी पुढे-मागे फिरवल्यास फ्लायवरील पाणी झटकले जाते. मात्र हे माशाच्या डोक्यावर करू नये.

खरी कसोटी : विनाओढ वहन

पाण्यावर पडलेला खरा कीटक प्रवाहाच्या वेगानेच वाहतो. फ्लाय मात्र दोरीला बांधलेली असते आणि नदीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. मधला प्रवाह वेगवान आणि काठाजवळचा संथ असेल, तर मधली दोरी पुढे जाते आणि फ्लायला ओढते. ओढली जाणारी फ्लाय पाण्यावर बारीकशी रेघ सोडते. मासेमारांच्या भाषेत याला 'ड्रॅग' म्हणतात. अनुभवी ट्राऊट अशी फ्लाय घेत नाही. कित्येकदा ती पाहून तो त्या जागेवरून निघून जातो.

ड्रॅग आहे की नाही, हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे फ्लायजवळचा फेसाचा बुडबुडा. फ्लाय आणि बुडबुडा बरोबरीने जात असतील तर वहन योग्य आहे. फ्लाय बुडबुड्याच्या पुढे किंवा मागे जाऊ लागली की ड्रॅग सुरू झाला, असे समजावे.

तो टाळण्याचे काही प्रचलित उपाय आहेत. पहिला उपाय जागेचा. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे त्याच्या मागून, म्हणजे खालच्या अंगाने जाऊन प्रवाहाविरुद्ध तिरपी फेक केल्यास तो सावध होत नाही आणि दोरी बऱ्याच अंशी एकाच वेगाच्या पाण्यात राहते. सरळ माशाच्या रेषेत फेकल्यास मात्र दोरी त्याच्या डोक्यावरून जाते, म्हणून फेक किंचित तिरपी असावी.

दुसरा उपाय दोरी वळवण्याचा. दोरी पाण्यावर पडताच रॉडच्या टोकाने तिला प्रवाहाच्या वरच्या दिशेने उचलून कमान द्यावी. ही कमान सरळ होईपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. दोरी पाण्यावर पडण्यापूर्वीच रॉड वरच्या बाजूला झुकवूनही हाच परिणाम साधता येतो.

तिसरा उपाय सैल फेकीचा. पुढच्या फेकीच्या शेवटी रॉड हलकेच डावी-उजवीकडे हलवल्यास दोरी नागमोडी पडते. ही वळणे उलगडेपर्यंत काही सेकंदांचे चांगले वहन मिळते. प्रवाहाच्या खालच्या दिशेला फेकताना ही युक्ती विशेष उपयोगी पडते.

फ्लाय नेमकी कोठे पडावी, हेही महत्त्वाचे आहे. मासा वर आल्यावर पाण्यावर उमटलेले वलय लगेच खाली वाहत जाते, आणि मासा आपल्या मूळ जागी परततो. त्यामुळे वलय जेथे दिसते त्याच्या वरच्या अंगाला सुमारे दोन-तीन फूट अंतरावर फ्लाय टाकावी.

एक फ्लाय, अनेक रूपे

अॅडम्स विविध आकारांत बांधली जाते. १२ व १४ क्रमांक मोठ्या मेफ्लाय आणि कॅडिससाठी वापरतात. १६ व १८ क्रमांक लहान मेफ्लायसाठी, तर २० आणि त्याहून लहान क्रमांक चिलटांसाठी योग्य ठरतात. पाण्यावर उडणारा कीटक ओळखता आला नाही, तरी त्याचा आकार पाहून त्याच मापाची अॅडम्स निवडणे कोणालाही शक्य असते.

तिचे सर्वाधिक प्रचलित रूप म्हणजे 'पॅराशूट अॅडम्स'. यात हॅकल गळाभोवती उभे न गुंडाळता पांढऱ्या केसांच्या छोट्या खुंटाभोवती आडवे गुंडाळतात. त्यामुळे फ्लायचे धड पाण्याला टेकून राहते आणि पांढरा खुंट मासेमाराला दुरून दिसतो. संथ, नितळ पाण्यात हे रूप अधिक विश्वासार्ह मानले जाते. खळाळत्या पाण्यात मूळ पद्धतीची दाट हॅकलची अॅडम्स जास्त वेळ तरंगते.

मासे वर येत नसतील तर पॅराशूट अॅडम्सच्या गळाच्या बाकाला दीड-दोन फूट टिपेट बांधून त्यावर बुडणारी निम्फ लावता येते. अशा वेळी वरची फ्लाय तरंगतीचे काम करते. ती एकाएकी थबकली किंवा बुडाली की खाली मासा लागला, असे समजावे. कॅडिस उडत असताना फ्लायला मुद्दाम हलकासा झटका देण्याचीही पद्धत आहे. ड्रॅग नको, या नियमाला असलेला हा एक अपवाद.

मासा लागल्यानंतर

ट्राऊटने फ्लाय घेताच जोराने रॉड ओढण्याचा मोह टाळावा. मासा तोंड मिटून खाली वळेपर्यंत क्षणभर थांबून रॉड फक्त वर उचलावा. बारीक टिपेट झटक्याने तुटतो. रॉड वाकलेला ठेवल्यास माशाचे धक्के तोच शोषून घेतो.

मासा सोडून द्यायचा असेल तर काही पथ्ये त्याच्या जिवाशी संबंधित आहेत. गळाचा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट करावा, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला फार वेळ खेळवत ठेवू नये. थकव्यामुळे सोडल्यानंतरही तो मरू शकतो. हात ओले केल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. शक्यतो तो पाण्याबाहेर काढूच नये. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले असेल तर मासेमारी थांबवावी. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सोडलेला मासा सावरत नाही.

मासा निसटला किंवा सोडला, की ओली फ्लाय स्वच्छ पाण्यात धुवावी, कापडाने टिपावी आणि पुडीत घालून कोरडी करावी. माशाचा बुळबुळीतपणा तसाच राहिला तर फ्लाय तरंगत नाही.

भारतातील नद्या

महाराष्ट्रातील नद्यांचे पाणी ट्राऊटला मानवणारे नाही. त्याला वर्षभर थंड आणि प्राणवायूने समृद्ध प्रवाह लागतो. भारतात हा मासा मूळचा नाही. ब्रिटिश राजवटीत १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राऊन ट्राऊटची अंडी आणून वाढवण्यात आली. तेथून पुढे हा मासा हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात पोहोचला. काश्मीरमधील लिद्दर आणि हिमाचलमधील तीर्थन या नद्या आज ट्राऊटसाठी ओळखल्या जातात.

या नद्यांवर मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ट्राऊटच्या मासेमारीवर बंदी असते, कारण हा त्याच्या प्रजननाचा काळ आहे. बर्फ वितळून किंवा पावसाने नदी गढूळ झाल्यावर ड्राय फ्लायचा उपयोग नसतो. पाणी नितळ आणि उतरलेले असेल तेव्हाच ती चालते. बर्फाच्या पाण्याच्या नद्यांना दुपारनंतर पाणी वाढते, ही गोष्ट नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. सकाळी गुडघाभर असलेला प्रवाह संध्याकाळी ओलांडता येईलच, असे नाही.

हिमालयातील मूळचा थंड पाण्याचा मासा म्हणजे स्नो ट्राऊट. नावात ट्राऊट असले तरी तो कार्प कुळातील आहे आणि मुख्यतः दगडांवरील शेवाळ खरवडून खातो. बाहेरून आलेला ब्राऊन ट्राऊट त्याच्या जागेवर आणि अन्नावर आक्रमण करतो, अशी चिंता अभ्यासकांनी व्यक्त केली आहे. त्यामुळे गळाला स्नो ट्राऊट लागल्यास त्याला तत्परतेने सोडणे अधिकच आवश्यक ठरते.

बोर्डमनचा धडा

मूळचा मासा गमावणे म्हणजे काय, हे अॅडम्सच्या जन्मभूमीने अनुभवले आहे. एकोणिसाव्या शतकात मिशिगनच्या उत्तरेकडील नद्यांत ग्रेलिंग विपुल होता. त्याच्यावरून राज्यातील एका गावाचे नावही ग्रेलिंग पडले. पुढे जंगलतोडीचा सपाटा सुरू झाला. तोडलेले ओंडके नद्यांतून वाहून नेताना माशांची अंडी घालण्याची जागा उद्ध्वस्त झाली, काठांवरील सावली गेली आणि पाणी तापले. अमर्याद मासेमारी आणि बाहेरून सोडलेल्या ट्राऊटची स्पर्धा यांची त्यात भर पडली. युरोपातून आलेला ब्राऊन ट्राऊट १८८४ मध्ये मिशिगनच्याच बाल्डविन नदीत सोडण्यात आला होता. १९३० च्या दशकात मिशिगनमधील अखेरचे ग्रेलिंगही नाहीसे झाले.

त्यानंतर बोर्डमन नदीने पुन्हा वळण घेतले. तिच्यावरील तीन जुनी धरणे २०१२ ते २०१८ या काळात काढून टाकण्यात आली आणि दीर्घकाळ अडलेले थंड पाणी मोकळे झाले. मात्र २०१६ मध्ये याच नदीत न्यूझीलंडची अतिसूक्ष्म गोगलगाय आढळली. ती मासेमारांचे बूट व साहित्य यांना चिकटून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते. म्हणून नदी बदलताना बूट, जाळे आणि दोरी घासून धुणे व पूर्ण वाळवणे, हा आता साहित्याच्या निगेचाच भाग मानला जातो.

ग्रेलिंगला मिशिगनमध्ये परत आणण्याचा उपक्रम राज्य शासन आणि तेथील आदिवासी समुदाय यांनी २०१६ मध्ये हाती घेतला. त्याअंतर्गत २०२५ मध्ये अलास्कातील ग्रेलिंगच्या वंशाची अंडी तीन नद्यांत ठेवण्यात आली. बोर्डमन ही त्यांपैकी एक आहे. ग्रेलिंगही पृष्ठभागावरचे कीटक खाणारा मासा आहे. हा प्रयत्न साधला, तर जिच्या काठी अॅडम्स तयार झाली त्या नदीत ती प्रथमच तेथल्या हरवलेल्या माशासमोर वाहत जाईल.